घराचे पांघरूण आणि भिंतीतील तार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. त्या पंक्तीत विजेच्या तारेचे पान मांडण्याचे धाडस आपल्या कार्यवाहांनी केले आहे. सारी हयात विद्युत् अभियंता म्हणून गेल्यामुळे दुसऱ्या कोणत्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. आणि विषय रुक्ष असला, तरी या सभागृहात बसलेल्या अनेक कुटुंबांच्या घरी तो छतामध्ये प्रत्यक्ष दडून बसलेला आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी या राजधानीच्या परिसरात सरकारी क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या जागेत उमेदीची वर्षे काढली. निवृत्तीच्या सुमारास कोणी स्वतःचा मजला चढवला, कोणी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. वरचा मजला म्हणजे मे-जून महिन्यांत भट्टी. बाहेर ४५ अंश उष्णता असताना रात्री दहा वाजतासुद्धा छताला हात लावला तर चटका बसतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. तेव्हा कोणी फॉल्स सीलिंगवर काचलोकरीच्या गाद्या अंथरल्या, कोणी पश्चिमेच्या भिंतीला आतून थर्मोकोल लावून त्यावर जिप्समचे तक्ते ठोकले. घर थंड झाले, विजेचे बिल उतरले. हे सर्व उत्तम झाले. उष्णतारोधनाशी माझे भांडण नाही. ते करू नका असे मी आज एकदाही म्हणणार नाही. त्या गादीखाली सापडलेल्या तारेविषयी मात्र मला बोलायचे आहे.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरू. आपण बोलताना 'इन्सुलेशन' हा एकच शब्द दोन वस्तूंना लावतो. तांब्याच्या तारेवर पी.व्ही.सी.चे लाल, पिवळे, निळे वेष्टन असते, तेही इन्सुलेशन. आणि छतावर पसरलेली लोकर, तेही इन्सुलेशनच. पहिले विजेला अडवते, दुसरे उष्णतेला. पहिल्याला विद्युत्‌रोधक आणि दुसऱ्याला उष्णतारोधक म्हटले, म्हणजे गोंधळ राहत नाही. हा नुसता भाषेचा प्रश्न नाही. दोन्हींचे नाव एक असल्यामुळे ती एका कुळातली, एकमेकांना पूरक असावीत असा सामान्य माणसाचा समज होतो. वस्तुस्थिती अशी की दुसऱ्याच्या हातून पहिल्याचा घात होऊ शकतो.

तो कसा, ते पाहू. तांबे विजेचे उत्तम वाहक असले तरी त्यालाही थोडा रोध असतोच, आणि प्रवाह वाहू लागला की त्या रोधापायी तारेत उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. हे सूत्र आजच्या भाषणापुरते ध्यानात असू द्यावे. घरात वातानुकूलन यंत्र किंवा गीझर यांच्यासाठी वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तार घ्या. तिच्यातून २० अँपिअर प्रवाह गेला, तर जाणारी आणि येणारी अशा दोन तारांच्या मिळून दर मीटर लांबीला सहा ते सात वॅट उष्णता होते. छतातून जाणारी दहा मीटर लांबी धरली, तर ६० ते ७० वॅट. जुना पिवळा ६० वॅटचा दिवा आठवा. तो उघड्यावर असला तर त्याचा त्रास नाही. तोच पेटता दिवा कोणी गोधडीत गुंडाळून ठेवील काय?

तार तापते यात दोष कोणाचाच नाही, तिने तापावेच लागते. प्रश्न असतो तो ती उष्णता जाते कोठे याचा. आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवात ज्यांनी कधी स्वयंसेवकाचे काम केले आहे, त्यांना चक्रीवर गुंडाळलेली लांब एक्स्टेन्शन वायर माहीत असेल. जवळच लावायची म्हणून दोन-तीन मीटर उलगडायची, उरलेली चक्रीवर तशीच ठेवायची आणि तिच्यावर मोठे हॅलोजनचे दिवे पेटवायचे. तासाभराने चक्रीला हात लावावा तर ती गरम झालेली असते, आतले वेढे तर मऊ पडलेले असतात. तीच वायर, तेच दिवे. संपूर्ण उलगडून जमिनीवर पसरली तर कोमटसुद्धा होत नाही. चक्रीवर प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याचे पांघरूण होऊन बसतो. मांडवात जे तासाभरात दिसते, ते छतात दोन-तीन उन्हाळ्यांत घडते, आणि दिसत मात्र नाही.

आपल्या लहानपणीच्या घरांत ही अडचण नव्हती. गिरगाव-दादरच्या चाळीत, पुण्याच्या वाड्यात, इंदूर-बडोद्याच्या जुन्या घरांत सागवानी पट्टीवर चिमट्यांनी बसवलेली बॅटन वायरिंग भिंतीवरून उघडी जात असे. घरात चार दिवे, एक पंखा, एक रेडिओ. तारेत उष्णता फार होत नसे, आणि झालेली हवेत निघून जाई. पुढे तार भिंतीत गेली, नळीतून फिरू लागली. तरीही फारसे बिघडले नाही, कारण भोवती वीट आणि काँक्रीट होते. दोन्ही उष्णतेला बऱ्यापैकी वाट देतात. काचलोकरीची उष्णतावाहकता काँक्रीटच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याइतकीच आहे. आता एकाच पिढीत दोन गोष्टी उलट्या झाल्या. भिंती आणि छते उष्णता अडवू लागली, आणि त्याच घरात वातानुकूलन यंत्रे, गीझर, इंडक्शनची शेगडी असा भार कैकपटींनी वाढला. वायरिंग मात्र अजून बापजाद्यांच्या अंदाजावरच होते: "एसीला अडीचची तार पुरते." कोठे पुरते, हे कोणी विचारीत नाही.

ब्रिटनमध्ये माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचा लोकरीचा थर पसरण्याची पद्धत रूढ झाली, कारण तिथे घरात ऊब राखायची असते. त्यामुळे तिथल्या विद्युत् मानकाला, म्हणजे बी.एस. ७६७१ ला, या प्रश्नाचा विचार नीट करणे भाग पडले. त्या मानकातील चपट्या जोडतारेच्या कोष्टकातले आकडे मी मुद्दाम टिपून आणले आहेत. २.५ चौरस मिलिमीटरची तार भिंतीवर उघडी चिमट्यांनी बसवली, तर तिला २७ अँपिअर सोसतात. लोकरीने भरलेल्या पोकळ भिंतीत ती आतल्या तक्त्याला टेकवून नेली, तर २१. आणि त्याच भिंतीत तक्त्यापासून सुटी, चहूबाजूंनी लोकरीत बुडालेली असेल, तर केवळ १३.५, म्हणजे उघडीच्या नेमके निम्मे. तार लोकरीतून आरपार जाते तेवढ्यापुरतीही घट धरावी लागते. लोकरीतील लांबी ५० मिलिमीटर असेल तर ०.८८ ने गुणावे, १०० असेल तर ०.७८ ने, २०० असेल तर ०.६३ ने, अर्धा मीटर किंवा अधिक असेल तर सरळ अर्धे करावे.

आपण नळीतून एकेरी तारा घालतो, तेव्हा हे आकडे आपल्याला तंतोतंत लागू पडणार नाहीत. पण प्रमाण लागू पडते. शिवाय हे सारे ब्रिटनच्या हवेतले, भोवतालचे तापमान ३० अंश धरून काढलेले आहे. आपल्या वरच्या मजल्यावर, स्लॅब आणि लोकर यांच्यामधल्या बंद पोकळीत, उन्हाळ्याच्या दुपारी ५० अंश धरा. साध्या पी.व्ही.सी.च्या तारेला ७० अंशांपर्यंतच तापण्याची मुभा असते. भोवताली ३० अंश असताना तिच्यापाशी ४० अंशांची शिल्लक होती, आता २० चीच उरली. ५० अंशांसाठी कोष्टकात ०.७१ हा गुणक दिलेला आहे. १३.५ ला ०.७१ ने गुणा: साडेनऊ अँपिअर. दुकानातून आणताना जी तार २७ ची होती, ती आपल्या छतात साडेनऊची झाली. तिच्यावर तीन किलोवॅटचा गीझर लावला तर तो मागतो १३ अँपिअर.

येथे कोणी म्हणेल, "मग जाड तार घालू." घालून पाहू. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेला त्याच परिस्थितीत १७.५ गुणिले ०.७१, म्हणजे सुमारे १२.४ अँपिअर सोसतात. तरीही गीझरला पुरत नाहीत! थेट ६ चौरस मिलिमीटरपर्यंत जावे तेव्हा हिशेब बसतो. याच्या उलट, तीच अडीचची तार लोकरीच्या खाली, खोलीच्या बाजूला, तक्त्याला टेकवून नेली, तर खोलीत ४० अंश धरूनही १८ अँपिअर सहज मिळतात. म्हणजे तांब्यावर दुप्पट खर्च करून जे साधत नाही, ते तारेची वाट बदलून फुकटात साधते. मला आज जे सांगायचे आहे त्याचे सार या दोन हिशेबांत आहे. तार कितीची, याहून ती पांघरुणाच्या कोणत्या बाजूला, हा प्रश्न आधीचा आहे.

पुष्कळ लोकांची भिस्त एम.सी.बी.वर असते. "काही झाले तर खटका पडेलच की!" एम.सी.बी. हा मोठा इमानी पहारेकरी आहे, परंतु तो अँपिअर मोजतो. तो बसलेला असतो जिन्याखालच्या पेटीत, गार हवेत. आणि तार शिजत असते दोन मजले वर, लोकरीत. २० अँपिअरच्या एम.सी.बी.ला १३ अँपिअर म्हणजे सर्व ठीकठाक. त्याच्या दृष्टीने गुन्हा घडतच नाही. शॉक लागू नये म्हणून लावतात तो ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी.ही घरात असलाच पाहिजे, पण तारेच्या तापण्याची खबर त्यालाही लागत नाही. रोधकांच्या आयुष्याविषयी आमच्या व्यवसायात एक ढोबळ नियम आहे: मर्यादेपलीकडे दर आठ-दहा अंशांनी आयुष्य निम्मे. म्हणून अशी तार एके दिवशी भडकत नाही. ती वर्षानुवर्षे कडक होत जाते, मग तिला चिरा पडतात, आणि एखाद्या उन्हाळ्यात, घरातली सगळी यंत्रे एकाच वेळी चालू असताना, तिचे भरते.

आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांच्या घरी मी अशी तार पाहिली आहे. पतिपत्नी दोघेच वरच्या मजल्यावर राहतात, मुले परदेशी. फॉल्स सीलिंगच्या सांगाड्यावर एसीच्या आणि गीझरच्या तारा लवचिक नळीतून मोकळ्या टाकलेल्या होत्या, आणि त्यांवर मागाहून चार इंची लोकर अंथरलेली. तिसऱ्या उन्हाळ्यात संध्याकाळी जळकट वास येऊ लागला. वहिनींनी आधी स्वयंपाकघरात शोधले, मग देव्हाऱ्यातली उदबत्ती पाहिली. शेवटी सीलिंगचा एक तक्ता उतरवला. लाल तार तपकिरी झाली होती, आणि बोटाने वाकवताच तिच्या वेष्टनाचे तुकडे पडले. एम.सी.बी. तीन वर्षांत एकदाही पडला नव्हता. वायरमनला बोलावले, तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहब, तार तो पूरे ढाई की है।" आणि त्याचे म्हणणे खरे होते! तार अस्सल होती, लोकर चांगल्या प्रतीची होती, सीलिंगवाल्याचे काम सफाईदार होते. वायरमन आपले काम करून गेला त्यानंतर महिन्याने सीलिंगवाला आला. दोघांची गाठ पडली नाही. तारा भिंतीच्या कडेने लोकरीखालून फिरवून घेतल्या. एका दिवसाचे काम. वास यायच्या आधी त्या दोघांची झोप शांत होती, हे आठवले की मात्र मला अजून अस्वस्थ वाटते.

सुदैवाने आपल्याकडची एक जुनी चाल या बाबतीत शहाणी आहे. आपल्या मुलखात गच्चीवर विटांचा कोबा करतात, इकडे उत्तरेत मातीचा थर आणि त्यावर विटेच्या लाद्या, ज्याला मड-फुस्का म्हणतात. हे उष्णतारोधनच, पण स्लॅबच्या वर. नळ्या स्लॅबमध्ये, म्हणजे पांघरुणाखाली, खोलीच्या बाजूला. ऊन वरच्या वर अडते, स्लॅब थंड राहतो, आणि तारेची उष्णता काँक्रीटमधून खाली उतरते. अशा घरात उष्णतारोधनाने तारेचे भलेच होते. म्हणून ज्यांना गच्ची उपलब्ध आहे त्यांनी रोधन वरूनच करावे असा माझा आग्रह असतो. आधुनिक फोमच्या फळ्या घातल्या तरी तत्त्व तेच. फ्लॅटवाल्यांना गच्ची स्वतःची नसते, म्हणून ते आतून करतात आणि पेचात सापडतात.

हा पेच यापुढे अधिक घरांत येणार आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता आणली. छपरातून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये असे तिच्यात म्हटले आहे. भिंती आणि खिडक्या यांनाही मर्यादा घातली आहे. विटांची जागा हलक्या ए.ए.सी. ठोकळ्यांनी घेतली आहे. त्यांची उष्णतावाहकता मातीच्या विटेच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी. लोकरीइतका बंदोबस्त नव्हे, तरीही एका नळीत तीन-तीन फेऱ्यांच्या तारा कोंबण्याची सवय तिथे सोडावी. तीन फेरे एकत्र आले की प्रत्येकाची क्षमता सुमारे सात दशांशच उरते, हा नियम एरवीही आहेच. आणि या ठोकळ्यांत खाच पाडायला छिन्नी-हातोडा नको, ठोकळा फुटतो. कापणारे यंत्र वापरावे. इंदूरला १ जानेवारी २०२१ रोजी ज्या १,०२४ घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली, तो तयार सँडविच भिंतींचा आहे. अशा भिंतीत तारेची वाट भिंत उभी राहण्याआधीच ठरवावी लागते, आणि माझ्या मते ही सक्ती चांगलीच आहे.

थर्मोकोलविषयी वेगळे सांगायला हवे, कारण तिथे प्रश्न तापण्याचाच नाही. पी.व्ही.सी. मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य घातलेले असते. उघडी तार थर्मोकोलला चिकटून राहिली की ते द्रव्य हळूहळू थर्मोकोल शोषून घेतो. थर्मोकोल विरघळल्यासारखा बसतो आणि तार ठिसूळ होते. उष्णता असेल तर हे लवकर होते. उपाय सोपा आहे: थर्मोकोलजवळून जाणारी प्रत्येक तार नळीतूनच न्यावी. आज घरातला थर्मोकोल फक्त मखरापुरता राहिलेला नाही, हे ध्यानात ठेवावे.

घाईने केलेल्या रोधनाची किंमत काय असते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिले. तिथल्या केंद्र सरकारने २००९ मध्ये, जागतिक मंदीच्या काळात, घरांच्या माळ्यांवर उष्णतारोधन बसवण्यासाठी मोठे अनुदान जाहीर केले. दहा लाखांहून अधिक घरांत काम झाले. पण कामावर नवशिकी पोरे उतरली, आणि माळ्यावर विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत हे त्यांना कोणी सांगितले नाही. काही महिन्यांत चार तरुण कामगार मेले. त्यांतला एक अवघा सोळा वर्षांचा होता. तिघे विजेच्या धक्क्याने गेले, त्यांपैकी दोघे चकचकीत धातूचा पातळ पडदा लोखंडी स्टेपलने ठोकत असताना. स्टेपल तारेत शिरला आणि सबंध पडदाच जिवंत झाला. चौथा माळ्यावरच्या उष्म्याने गेला. काही घरांत आगीही लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली, पुढे शाही चौकशी आयोग बसला आणि २०१४ मध्ये त्याचा अहवाल आला. आपल्याकडेही पत्र्याच्या छपराखाली तसलाच चकचकीत पडदा सर्रास ठोकतात. तो ठोकणाऱ्या पोराला वर पाठवण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. आपल्या घरी कामाला आलेला मुलगाही कोणाच्या तरी घरचा असतो.

आता ज्यांचे घर होऊन गेले आहे त्यांच्यासाठी थोडे. सगळे उकरून काढण्याचे कारण नाही. दिव्यांच्या तारांना भार अगदी अल्प असतो, त्या लोकरीत असल्या तरी सहसा बिघडत नाही; पण सीलिंगमध्ये बसवलेल्या एलईडी दिव्याच्या पाठीवर आणि त्याच्या ड्रायव्हरच्या डबीवर लोकर असू नये, हातभर जागा मोकळी ठेवावी. पाहायचे ते मोठे भार: एसी, गीझर, शेगडी. त्यांची तार लोकरीतून जाते का, किती लांब जाते, आणि मुख्य म्हणजे मध्ये कोठे जोड आहे का. तारेचा जोड लोकरीत पुरलेला असणे याला माझी अजिबात मान्यता नाही. ढिला जोड तारेहून कितीतरी अधिक तापतो. उन्हाळ्यात सर्व यंत्रे तासभर चालवून एखाद्या जाणत्या माणसाकडून उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने छत तपासून घेता येते. वाट बदलणे शक्यच नसेल, तर ९० अंश सोसणारी एक्स.एल.पी.ई.ची तार घालावी. पण तिची टोके ज्या स्विचला आणि सॉकेटला जातात ती ७० अंशांचीच असतात, तेव्हा तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

आणि ज्यांचे काम व्हायचे आहे, त्यांनी वायरमन आणि सीलिंगवाला यांना एकदा एकाच वेळी घरी बोलवावे. चहा द्यावा, आणि लोकर कोठवर येणार हे सीलिंगवाल्याकडून भिंतीवर खडूने आखून घ्यावे. मग वायरमनने त्या रेघेच्या आतल्या बाजूने तार न्यावी. तक्ते बसण्याआधी प्रत्येक भिंतीचे आणि छताचे छायाचित्र काढावे, टेप लावून, म्हणजे मागाहून अंतर कळते. ती छायाचित्रे घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावीत, मुलांनाही पाठवावीत.

माझी वेळ संपली आहे, आणि मागच्या रांगेतून वड्यांचा वास येऊ लागला आहे. ज्यांनी घराचे नकाशे बरोबर आणले आहेत, त्यांनी चहाच्या वेळी खिडकीजवळच्या टेबलाशी यावे. मी चष्मा आणि पेन्सिल घेऊन बसलो आहे.